गिऱ्हाईक कोठून आले, याचीही वही ठेवा

आपल्या प्रत्येक दुकानात रोजमेळ असतो, उधारीची वही असते. गल्ल्यात किती आले आणि कोणाकडे किती राहिले, हे आपण झोपेतही सांगू. परंतु आज आलेल्या दहा गिऱ्हाइकांपैकी पाटी पाहून कोण आले, ओळखीने कोण आले आणि मोबाईलवर शोधून कोण आले, असे विचारले तर बहुतेकांची उत्तरादाखल मान हलते. नवा धंदा सुरू करणाऱ्या तरुणांनी तरी ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

हिंगोली जिल्ह्याचेच पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. (मानांकनाची खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे हळद-पूड विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) मुंबईचे किंवा हैदराबादचे गिऱ्हाईक ही हळद आता नावाने मागू शकते. मात्र ते मोंढ्यात येणार नाही, मोबाईलवर शोधेल. तेथे आपण सापडलो नाही, तर त्याच्या लेखी आपले दुकान बंदच.

सापडण्यासाठी दोन साधने फुकट आहेत. पहिले, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद. दुसरे, २०१८ पासून मिळणारे व्हॉट्सॲप बिझनेस. त्यात मालाचे फोटो व भाव मांडता येतात. दुकानाचे नाव पाटीवर आहे तेच लिहावे. वर्णनात मात्र गिऱ्हाइकाची बोली असावी. कोणी ‘हळद’ शोधतो, कोणी ‘हल्दी’. इंग्रजीत कोणी ‘वसमत’ लिहितो, कोणी ‘बसमत’. शिंपी, वेल्डर, गादीवाले यांनीही आपण नेमके काय करतो ते लिहावे, स्वतःच्या कामाचेच फोटो लावावेत आणि दर आठवड्याला एक नवा फोटो टाकावा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून माल देतानाच नंबर जतन करायला सांगावे.

आता मोजणी. नकाशावरची नोंद किती जणांनी पाहिली, किती जणांनी तेथून फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणते शब्द टाकून शोधले, हे गुगल स्वतःच दाखवते. ते आकडे महिन्याच्या पहिल्या तारखेस वहीत उतरवावेत. शेजारी आपली नोंद हवी. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारावा : “भाई, आमचा पत्ता कोठून मिळाला?” उत्तरासमोर एक रेघ ओढावी.

समजा, दोन हजार रुपयांच्या हँडबिलांनी आठ गिऱ्हाइके आली, तर एक गिऱ्हाईक अडीचशे रुपयांना पडले. नकाशावरची नोंद तीनशे जणांनी पाहिली, तीस जणांनी फोन केला आणि सहा जणांनी माल घेतला, तर ती सहा गिऱ्हाइके जवळजवळ फुकट आली. फोन तीस आणि खरेदी सहा, तर बाकीचे चोवीस का परतले, हा विचार करावा. भाव जास्त वाटला, की फोन उचलायला उशीर झाला? वर्दळ वाढवण्याआधी ही गळती थांबवावी. रमजान-ईद आणि दसऱ्याच्या महिन्याची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षीच्या त्याच सणाशी करावी, नाहीतर हिशेब फसतो.

एक सावधगिरी. “हजार लाइक देतो, शंभर चांगले अभिप्राय लिहून देतो” असे सांगणारे दलाल भेटतात. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल उघडा करणाऱ्या हुजूर (स.) यांची हकिकत आपण लहानपणापासून ऐकली आहे. विकत घेतलेले अभिप्राय म्हणजे तीच वरून कोरडी, आतून ओली रास. त्यात गिऱ्हाइकाची फसवणूक आहेच, शिवाय आपलीही; कारण खोटे आकडे मिसळले की खरे गिऱ्हाईक कोठून येते ते कळणेच बंद होते.

शंभर पानांची वही आणि एक पेन, एवढ्यावर हे काम होते. तीन महिने नोंद ठेवा. जाहिरातीचा कोणता रुपया कामी आला आणि कोणता वाया गेला, ते तुमचीच वही तुम्हाला सांगेल. बरकत अल्लाहच्या हाती आहे. हिशेब ठेवणे आपल्या हाती.