मिसिंगचे खापर कार्बोरेटरवर

जुनी मारुती ८०० धक्के देत गॅरेजात आली की अनेक कारागीर सर्वप्रथम कार्बोरेटर खोलतात. किटचे पैसे, मजुरी असे बिल होते आणि गाडी दोन दिवसांत पुन्हा दारात उभी राहते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. कार्बोरेटरची मॉडेले तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. आता अशी गाडी सांभाळणारा मालक हौशी तरी असतो, नाहीतर हातावर पोट असणारा. दोघेही फसवणूक विसरत नाहीत.

हिशेब साधा आहे. ७९६ सीसीच्या या इंजिनात सिलिंडर तीन, कार्बोरेटर मात्र एकच. कार्बोरेटर बिघडला तर त्रास बहुधा तिघांनाही होईल. एकच सिलिंडर मरत असेल तर आधी प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटर पाहावे.

इंजिन आयडलिंगवर ठेवून इन्सुलेटेड पक्कडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढावी व तिचे टोक अर्थला टेकवावे. ज्या वायरीने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर सरकला तर काम एका प्लगवर भागते. न सरकल्यास वायर बदलून पाहावी, कॅपला बारीक तडा आहे का ते पाहावे (पावसाळ्यात हा तडा हमखास त्रास देतो), रोटर तपासावा. वायरी १-३-२ या क्रमानेच लावल्या आहेत ना, हेही पाहावे. एवढे करूनही सिलिंडर मेलेलाच राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे.

तिन्ही प्लग कोरडे काळे निघाले तर पेट्रोल जास्त जाते आहे: चोक अडकला, एअर फिल्टर तुंबला किंवा फ्लोटची सुई गळते. तिन्ही पांढरे असतील तर हवा जास्त. व्हॅक्यूमच्या नळ्या आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. ॲक्सिलरेटरवर गाडी चालते पण सिग्नलला बंद पडते, तेव्हा आयडल जेट तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. तो हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालू नये, पितळेचे छिद्र मोठे होते आणि मग जेटच बदलावा लागतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. नळी चिरलेली दिसली तर ग्राहकाने न सांगताही ती दाखवावी. तिथे प्रश्न मिसिंगचा राहत नाही, आगीचा असतो.