न चढणारी मोरवेल

पावसाळा सरतां सरतां सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्यास कुंपणांवर व करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांनीं भरलेली एक वेल दिसते. तीच आपली मोरवेल. कोठें तीस रानजाईही म्हणतात. महाराष्ट्रांतील कित्येक वैद्य हिलाच मूर्वा समजतात. मनुस्मृतींत क्षत्रियाच्या मेखलेस सांगितलेली मूर्वा ती हीच काय, हा वाद पंडितांवर सोंपवून आम्ही तिच्या एका विलायती बहिणीकडे वळतों.

ही बहीण आम्हांस भेटली ती यॉर्कशायरांत. चिरंजीव तेथें नोकरीस असल्यामुळें २०२२ च्या जानेवारींत आम्ही त्यांच्याकडे गेलों होतों. घरामागें लहानशी बाग, आणि तिची सर्व व्यवस्था सूनबाईंच्या हातीं. निवृत्त मास्तरास रिकामपण सोसत नाहीं. फेब्रुवारींत एके दिवशीं घरांत कोणी नसतां आम्ही खुरपें घेऊन बाहेर पडलों. एका कोपऱ्यांत हातभर उंचीच्या वाळक्या काटक्यांचा झुबका उभा होता. ना पान, ना कळी. मेलेलें झाड दारीं कशास, असें मनाशीं म्हणत आम्हीं तें समूळ उपटलें.

संध्याकाळीं सूनबाई परत आल्या. आडवें पडलेलें झाड पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण बोलल्या त्या एवढेंच, "मामंजी, हें जिवंत होतें." त्यांनीं बुंध्याची माती बोटानें सारली. तेथें भाताच्या दाण्याएवढे कोंब बसलेले होते. 'आधीं नीट पाहा, मग उत्तर द्या' असें जन्मभर मुलांस बजावणारे आम्ही, न पाहतांच उपटून मोकळे झालों होतों!

त्या झाडाचें नांव क्लेमॅटिस इंटेग्रिफोलिया. लिनिअसनें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली आहे. इंटेग्रिफोलिया म्हणजे अखंडपर्णी, आणि सारें मर्म या नांवांतच आहे. क्लेमॅटिसच्या बहुतेक जाती पानांच्या देठांचा वेढा घालून वर चढतात. हिच्या अखंड पानांस देठच जवळजवळ नाहीं. मग धरणार कशानें? म्हणून ती वेल न होतां दोन-तीन फुटांचें झुडूप होऊन राहते. हिवाळ्यांत वरचा भाग वाळतो, मूळ मात्र निजलेलें असतें. फूल येतें तें त्या वर्षींच्या नव्या फुटीवर, यास्तव फेब्रुवारीअखेर जुन्या काटक्या जमिनीलगत कापाव्या. कापाव्या म्हटलें आहे, उपटाव्या नव्हे.

डोक्यावर ऊन आणि मुळांशीं गारवा, ही हिची आवड. माती ओल धरणारी असावी, परंतु पाणी तुंबूं नये. मोठ्या फुलांच्या वेली थोड्या खोल लावतात. हिचें बूड मातीच्या पातळीसच ठेवावें. कुजलेलें खत बुंध्यापासून चार बोटें दूर पसरावें. वसंतांत कोंब वर आले कीं बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रींत ते फस्त करतात. सूनबाई विजेरी घेऊन त्या वेंचीत. फुटी वीतभर झाल्या म्हणजे भोंवतीं डहाळ्या खोंचाव्या, नाहीं तर झुडूप लोळतें. हिचा रस मोठा दाहक, तेव्हां हातमोजे हवेत. आम्हीं ते घातले नव्हते. दोन दिवस तळहात चुरचुरत होते. प्रायश्चित्त योग्यच म्हणावयाचें.

ज्यांस शरदाच्या सुमारास फूल हवें त्यांच्यासाठीं हेराक्लीफोलिया ही चीनकडील झुडूपवजा जात आहे. मात्र सोलापुराकडच्या उन्हांत या थंडीच्या झाडांचा हट्ट धरूं नये. तेथें कुंपणावर आपली मोरवेलच बरी.

उपटलेलें झाड आम्हीं त्याच संध्याकाळीं पुनः लावलें. जूनमध्यें परत निघेपर्यंत त्यास चार पानांपलीकडे कांहीं आलें नाहीं. सूनबाईंनीं तो विषय कधींच काढला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

२०२३ च्या जुलैंत त्यांनीं एक छायाचित्र धाडलें. मान खालीं घातलेल्या निळ्याजांभळ्या घंटा. प्रत्येकीस चार पाकळ्या, ज्या शास्त्रदृष्ट्या पाकळ्या नव्हेत, बाह्यदळें होत. खालीं लिहिलें होतें, "मामंजी, मोजून पाहा."

आम्हीं चष्मा पुसून मोजलीं. सात भरलीं.