‘डॉक, आज उडू का?’

जिल्हा रुग्णालयाला आपल्याकडे कुणी जिल्हा रुग्णालय म्हणत नाही, ‘सिव्हिल’ म्हणतात. आणि तिथले सगळ्यांत मोठे साहेब म्हणजे सिव्हिल सर्जन. ते रोज ऑपरेशनच करतात असं नाही, पण हुद्दा सर्जनचा. जुन्या काळी लष्करात डॉक्टरला सर्जन म्हणायचे, त्याचीच ही खूण. ‘फ्लाइट सर्जन’ हा शब्दही त्याच घरातला. ऐकून वाटतं, उडत्या विमानात ऑपरेशन करणारा कुणी असेल. तसं काही नाही. फ्लाइट सर्जन म्हणजे लष्करी वैमानिकांचा डॉक्टर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत हा शब्द रुळला. आपल्या हवाई दलात ‘एव्हिएशन मेडिसिन’चा डॉक्टर म्हणतात, आणि स्क्वाड्रनमध्ये हाक मारताना नुसतं ‘डॉक’.

आता या नोकरीतली गोम बघा. बाकीच्या डॉक्टरांकडे माणूस जातो, तो काहीतरी दुखतंय म्हणून. इथे पेशंट ठणठणीत. पंचविशी-तिशीतला, व्यायामाने कमावलेला. त्याला एकच धास्ती, की तपासणीत काहीतरी खोट निघेल आणि डॉक म्हणेल, ‘तू आज जमिनीवर बस.’ म्हणजे डॉक्टरला खरं सांगितलं की नुकसान पेशंटचंच. अशा माणसाला खरं बोलतं कसं करायचं, हा या करिअरमधला सगळ्यांत अवघड पेपर आहे.

सर्दीसुद्धा चालत नाही

तोरणमाळचा घाट चढता-उतरताना कानाला दडे बसतात, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव. जांभई दिली, आवंढा गिळला की कान मोकळे होतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं जास्त उंच आहे. लढाऊ विमान तेवढी उंची काही सेकंदांत चढतं आणि तितक्याच झपाट्याने उतरतं. अशा वेळी नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या आतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. कान असह्य ठणकतो, भोवळ येते, कधी पडदाही फाटतो. कॉलेजला दांडी मारायलाही जी सर्दी पुरत नाही, तिच्यामुळे वैमानिकाचं उड्डाण रद्द होतं.

ऑक्सिजनचं प्रकरण याहून फसवं. मास्क निसटला तर २५ हजार फुटांवर माणूस तीन ते पाच मिनिटंच कामाचा राहतो. ३५ हजार फुटांवर तर अर्धं ते एक मिनिट. गंमत म्हणजे, त्याला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही. उलट हलकं वाटतं, हसू येतं. म्हणून वैमानिकांना कमी दाबाच्या बंद खोलीत बसवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हा अनुभव मुद्दाम देतात. हातात कागद-पेन्सिल, साधी वजाबाकी करायची. थोड्याच वेळात अक्षर वेडंवाकडं होतं, उत्तरं चुकतात, आणि गडी मात्र खुशीत असतो. नंतर तोच कागद समोर ठेवला की त्याला कळतं. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते. कुणाची बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, कुणाला उकडतं. आपली खूण ओळखायची आणि तत्काळ ऑक्सिजन सुरू करायचा, हा त्यातला धडा.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘जी’. पृथ्वी आपल्याला रोज खेचते, तो एक जी. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधलेलं सुखोई करकचून वळतं, तेव्हा वैमानिकावर आठ-नऊ जी येऊ शकतात. ६० किलोचा माणूस त्या क्षणी ५४० किलोचा होतो. रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूपर्यंत पोचत नाही. आधी रंग फिके पडतात, मग बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसतं, मग अंधार आणि मग शुद्धच जाते. तेही ताशी शेकडो किलोमीटर वेगाने. त्यावर उपाय म्हणून पोट-मांड्या आवळणारा सूट असतो, आणि पाय घट्ट करून ठरावीक तालात श्वास घेण्याची पद्धत. हे सगळं शिकवतो आणि तपासतो तो डॉक.

आधी मी बसतो

या क्षेत्रातल्या लोकांची जिद्द समजून घ्यायची असेल तर जॉन पॉल स्टॅप हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकी हवाई दलातला हा डॉक्टर. अचानक वेग थांबला तर माणसाचं शरीर किती सहन करतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. स्टॅपने रॉकेट लावलेल्या गाडीवर स्वतःला बांधून घेतलं. १० डिसेंबर १९५४ रोजी ती गाडी रुळांवरून ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली आणि सव्वा-दीड सेकंदात थांबली. त्याच्या अंगावर ४६ जी आले. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना. तो वाचला आणि त्याची दृष्टीही परत आली. पुढे मोटारगाड्यांत सीटबेल्ट हवाच, म्हणून त्याने पाठपुरावा केला. पुढच्या वेळी वडाप जीपमध्ये नाही, पण निदान कारमध्ये बसाल तेव्हा पट्टा लावताना हा माणूस आठवा.

स्टॅपच्या शब्दाला वैमानिक मान द्यायचे, कारण ‘हे तुला झेपेल’ असं म्हणण्याआधी तो स्वतः त्या खुर्चीत बसला होता. आजही फ्लाइट सर्जन वैमानिकांसोबत उडतात, त्यांच्यासोबत जेवतात, त्यांच्या घरची खबर ठेवतात. बाळ रात्रभर रडलं, कर्जाचं टेन्शन आहे, बायकोशी अबोला आहे, या गोष्टी रक्त तपासून कळत नाहीत. नर्मदाकाठच्या गावांसाठी आपल्याकडे तरंगता दवाखाना आहे. माणसं येतील म्हणून वाट बघत न बसता तो माणसांकडे जातो. डॉकचंही तसंच. त्याचं अर्धं काम दवाखान्याबाहेर, क्रू-रूममधल्या चहाच्या कपावर होतं.

लपवलं तर काय होतं?

२४ मार्च २०१५. जर्मनविंग्ज कंपनीचं प्रवासी विमान बार्सिलोनाहून जर्मनीला निघालं होतं. सहवैमानिकाने कॉकपिटचं दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. १५० जण गेले. तो मानसिक आजारावर उपचार घेत होता. डॉक्टरांनी ‘कामावर जाऊ नये’ असं लिहून दिलं होतं. त्याने ते कंपनीला कळूच दिलं नाही. फाडलेली चिठ्ठी नंतर घरात सापडली.

हे लष्करी विमान नव्हतं, पण प्रश्न तोच. यातून ‘नैराश्य असलेला माणूस धोकादायक’ असा अर्थ काढला तर आपण चुकू. उपचार घेऊन बरे झालेले आणि पुन्हा उडणारे वैमानिक जगात आहेत. खरा धडा असा, की ‘बोललो तर करिअर संपलं’ अशी भीती असेल तर लोक बोलणार नाहीत. या अपघातानंतर युरोपने वैमानिकांसाठी मानसिक तपासणी आणली आणि अडचणीत असलेल्यांना सहकाऱ्यांशी मोकळं बोलता येईल अशी मदतव्यवस्थाही विमान कंपन्यांना बंधनकारक केली.

आणि ‘नाही’ चुकीचं असेल तर?

आता दुसरी बाजू. ही नंदुरबारच्या मुलामुलींनी जरा नीट वाचावी. सिकलसेल आपल्याला नवा नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून हे नाव. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’. तो बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो.

उंचीवर ऑक्सिजन कमी, मग वाहकाने उडावं का? अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने १९७० च्या दशकात सोपं उत्तर दिलं : वाहक असेल तर प्रवेश नाही. त्याचा फटका कुणाला बसणार, हे उघड होतं. तिथे हा दोष मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. हुशार, तंदुरुस्त मुलं एका रक्ताच्या रिपोर्टवर परत पाठवली गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८१ मध्ये ती सरसकट बंदी उठली. मोठ्या उंचीवर काही वाहकांच्या प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत, पण त्या क्वचितच्या. म्हणजे धोका अगदीच खोटा नव्हता, पण सगळ्यांना एकाच रेषेने कापणं चूक होतं.

डॉकच्या ‘नाही’ला एवढं वजन असतं. ते ढिलं असेल तर विमान पडतं, आणि आळशी असेल तर कुणाचं स्वप्न विनाकारण मोडतं. दोन्ही टाळायचं तर समोरच्या माणसाचं शरीर नीट तपासायला हवं. तो कोणत्या गटातला आहे, हे बघून भागत नाही.

पुण्यात शिकलेल्या एअर मार्शल

आपल्या देशात या विषयातलं ठळक नाव म्हणजे डॉ. पद्मा बंदोपाध्याय. जन्म १९४४ चा, तिरुपतीचा. बालपण दिल्लीत गेलं. आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आजारपण आणि दवाखाना लहानपणापासूनच घरात. शाळेत त्यांनी कला शाखेचे विषय घेतले होते. मग डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि विज्ञानाकडे वळल्या. ‘आता साइड बदलता येणार नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. १९६३ मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, म्हणजे एएफएमसीत, प्रवेश मिळाला आणि १९६८ मध्ये त्या हवाई दलात दाखल झाल्या.

१९७१ च्या युद्धात त्यांची नेमणूक पंजाबातल्या हलवारा तळावर होती. पतीही हवाई दलातच. दोघांना एकाच समारंभात विशिष्ट सेवा पदक मिळालं. हवाई दलातलं असं ते पहिलं दांपत्य. एव्हिएशन मेडिसिनमध्ये विशेष शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकाऱ्यांपैकी. १९७८ मध्ये संरक्षण दलांच्या स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी पहिली महिलाही त्याच. उत्तर ध्रुवावर जाऊन त्यांनी कडाक्याच्या थंडीत शरीर कसं जुळवून घेतं, यावर संशोधन केलं. २००४ मध्ये त्या हवाई दलातल्या पहिल्या महिला एअर मार्शल झाल्या. २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

वाट कशी आहे?

पहिला टप्पा नीटचाच. एएफएमसीसाठी नीटनंतर वेगळी निवड असते. इंग्रजी आणि तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. शिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि त्या बदल्यात सैन्यदलात सेवा द्यावी लागते. म्हणजे फीचं ओझं नाही, पण कबुली पक्की. घरी बसून नीट वाचून, आईवडिलांशी बोलून मगच सही करायची अशी ही गोष्ट.

एएफएमसी हुकलं तरी दार बंद नाही. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस करून अल्पमुदतीच्या कमिशनवर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जाता येतं. नंदुरबारलाही आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे ही वाट आपल्या गावातूनही सुरू होऊ शकते. पुढे बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. १९५७ पासून ही संस्था काम करते. एरोस्पेस मेडिसिनमधली तीन वर्षांची एमडी तिथे होते. राकेश शर्मा यांना अंतराळात जाण्याआधी बेंगळुरूतच ७२ तास एका खोलीत एकटं ठेवलं होतं. बंद जागेची भीती वाटते का, हे पाहायला. गगनयानसाठी निवडलेल्या शुभांशु शुक्लांसह चौघा वैमानिकांची पारखही याच संस्थेत झाली.

अंतराळवीर म्हटलं की फोटो त्या चौघांचा येतो. त्यांना रात्री झोप लागली का, हे विचारणारा डॉक्टर फोटोत नसतो. टाळ्या कमी, जबाबदारी भरपूर, असा हा मामला आहे. ज्यांना बायोलॉजीही आवडते आणि विमानाचा आवाज आला की मान आपोआप वर जाते, त्यांनी नीटच्या फॉर्मसोबत एएफएमसीची माहितीपत्रिकाही उघडून बघावी. आणि त्याआधी एक सोपं काम आहे : आपली सिकलसेल तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी. आपल्या शरीराबद्दल खरं काय ते माहीत असणं, या विषयाचा पहिला धडा तोच आहे.