दोन मिनिटांची रेस, डझनभर घोडे आणि एकच आवाज : घोडे इतकेच लक्षात राहिलेले रेसकोर्सचे अनाउन्सर

बैलगाडा शर्यत बघायला कधी घाटात गेला असाल, तर एक माणूस तुम्ही विसरू शकत नाही. माइकवाला. मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांचं कौतुक, सगळं एका दमात सांगून तो ‘भिर्रर्रर्र’ करतो आणि अख्खा घाट उभा राहतो. गाडा कुणाचाही असो, आठवणीत राहतो तो त्याचा आवाज.

घोड्यांच्या शर्यतीतही हेच होतं. फरक इतकाच की तिथं गाडे एकामागून एक सुटत नाहीत. दहा-बारा घोडे, कधी कधी वीस, एकदमच सुटतात. ताशी साठेक किलोमीटरचा वेग. साधारण दोन मिनिटांत खेळ खल्लास. आणि या दोन मिनिटांत कोण पुढं, कोण मागं, कोण आतून घुसलं, कोण पडलं हे एकच माणूस सांगत असतो. चुकला तर रिटेक नाही.

आज अशाच काही माणसांचे किस्से बघू. त्यातून एक गोष्ट कळते. वाटतं तितकं हे काम बडबडीचं नाही, हे काम ओळखण्याचं आहे.

घोडे ओळखतात तरी कसे?

लांबून बघितलं तर बरेचसे घोडे तपकिरीच दिसतात. नंबर वाचायला वेळ नसतो आणि गर्दीत तो दिसतही नाही. त्यामुळे अनाउन्सर घोडा ओळखतो तो जॉकीच्या सदऱ्यावरून. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले असतात. लाल सदरा, पांढऱ्या बाह्या. पिवळा सदरा, निळे ठिपके. टोपीचा रंग वेगळा.

एक रेस संपली की दुसरी सुरू व्हायला साधारण अर्धा तास मिळतो. तेवढ्यात हे रंग आणि नावांची जोडी पाठ करायची. बरेच जण कार्यक्रमपत्रिकेवर रंगीत पेनांनी सदरे रंगवून ठेवतात. मग दुर्बीण डोळ्याला लावायची आणि बोलायला सुरुवात. रेस संपली की सगळं पुसायचं, कारण पुढच्या रेसमध्ये तोच लाल सदरा दुसऱ्याच घोड्यावर असू शकतो.

थोडक्यात, परीक्षा अर्ध्या तासावर, सिलॅबस दर वेळी नवीन, आणि पेपर हजारो लोकांसमोर तोंडी. त्यातल्या बहुतेकांचे पैसे लागलेले.

ज्यानं चुकीचा विजेता सांगितला

क्लेम मॅकार्थी हा अमेरिकन रेडिओवरचा रेसचा सगळ्यात मोठा आवाज. घोगरा, घाईतला, कानात घुसणारा. १ नोव्हेंबर १९३८ ला पिमलिको रेसकोर्सवर सीबिस्किट आणि वॉर अॅडमिरल या दोन घोड्यांची समोरासमोर लढत झाली. गर्दी एवढी की मॅकार्थीला स्वतःच्या बूथपर्यंत जाताच आलं नाही. मग त्यानं ट्रॅकच्या कडेलाच उभं राहून कॉमेंट्री केली. सुमारे ४ कोटी लोकांनी ती रेडिओवर ऐकली असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टही होते.

पण याच माणसाचं नाव निघालं की दुसरी एक रेसही निघतेच.

१९४७ ची प्रिकनेस स्टेक्स. मैदानही तेच, पिमलिको. शेवटच्या वळणावर मध्ये उभ्या असलेल्या गर्दीमुळे मॅकार्थीला घोडे काही क्षण दिसलेच नाहीत. घोडे परत नजरेत आले तेव्हा पुढच्यांची अदलाबदल झाली होती आणि दोघांचे रंग जवळपास सारखे होते. मॅकार्थी ‘जेट पायलट, जेट पायलट’ करत राहिला आणि जिंकला होता फॉल्टलेस. देशभर चुकीचा निकाल गेला.

चूक कळल्यावर त्यानं काय केलं? कारणं सांगत बसला नाही. माइकवरच चूक कबूल केली आणि म्हणाला, बेब रूथसारखा बेसबॉलचा बादशहासुद्धा कधीतरी आउट होतोच की. त्या दिवशी काही क्षण दिसले नाहीत, तेवढ्यावर इतिहास झाला.

ज्यानं पडापडीत एक अनोळखी सदरा ओळखला

आता इंग्लंडला जाऊ. एन्ट्रीचं ग्रँड नॅशनल, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची चार मैलांवरची रेस. मैदान एवढं पसरलेलं की एका माणसाला सगळं दिसत नाही. म्हणून बीबीसीचे कॉमेंटेटर वेगवेगळ्या जागी बसायचे आणि घोडे आपापल्या टप्प्यात आले की बोलायचे.

८ एप्रिल १९६७. तेविसावं कुंपण, त्या मैदानावरच्या सगळ्यात सोप्या कुंपणांपैकी एक. जॉकी पडलेला एक मोकळा घोडा तिथं आडवा पळाला आणि मागून येणारे घोडे एकमेकांवर आदळले. कुणी पडलं, कुणी थांबलं, कुणी उलटं वळलं. काही सेकंदांत अख्खी रेस एका कुंपणाशी तुंबली.

त्या टप्प्यावर माइक होता आयर्लंडच्या मायकेल ओ’हेहिरकडे. त्या गोंधळात तो एकेक नाव घेत गेला, आणि मग त्याला दिसलं की एक घोडा बाजूनं वाट काढून पलीकडे गेलाय. फॉइनेव्हन. भाव १००ला १. कुणाच्या हिशेबातही नसलेला घोडा. तो एकटाच पुढं गेला आणि जिंकलाही.

ओ’हेहिरनं तो ओळखला कसा? याचा किस्सा असा सांगतात की रेसच्या आधी तो जॉकींच्या खोलीत गेला होता. तिथं त्याला एक सदरा दिसला, जो त्यानं पाठ केलेल्या यादीत बसत नव्हता. तो कोणाचा, हे त्यानं विचारून घेतलं. उत्तर होतं, फॉइनेव्हनचा.

सगळ्या जगाला ही कॉमेंट्री उत्स्फूर्त वाटते. तिच्या मागे होती रेसच्या आधी विचारलेली एक साधी शंका. आज त्या कुंपणाचं अधिकृत नावच फॉइनेव्हन आहे.

स्वतःचा घोडा पळतोय, पण आवाज हलला नाही

बीबीसीचाच पीटर ओ’सुलेव्हन. १९४७ ते १९९७, तब्बल ५० वर्षं आणि ५० ग्रँड नॅशनल. लोक त्याला ‘रेसिंगचा आवाज’च म्हणायचे. त्याची दुर्बीण म्हणे जर्मन पाणबुडीवरची होती.

त्याचा कस लागला १९७४ मध्ये. चेल्टनहॅमच्या ट्रायम्फ हर्डलमध्ये अॅटिव्हो नावाचा घोडा पळत होता आणि त्याचा मालक होता खुद्द ओ’सुलेव्हन. विचार करा, तुमचाच पोरगा मैदानात आहे आणि माइकही तुमच्याच हातात. ओ’सुलेव्हननं इतर घोड्यांबद्दल बोलावं तसंच त्याच्याबद्दल सांगितलं. अॅटिव्हो जिंकला, आणि मालक म्हणून स्वतःचं नावही त्यानं त्याच सपाट आवाजात वाचलं.

ऐकणाऱ्यांचे पैसे दुसऱ्या घोड्यांवरही होते. त्यांच्याशी आपण प्रामाणिक आहोत, हे त्यानं वेगळं बोलून दाखवलं नाही. १९९७ मध्येच त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २०१५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी तो गेला.

एक उपमा, जी घोड्याला कायमची चिकटली

९ जून १९७३, न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क. सेक्रेटेरिएट जिंकला तर २५ वर्षांनी अमेरिकेला ट्रिपल क्राउन विजेता मिळणार होता. सुरुवातीला त्याची आणि शॅम नावाच्या घोड्याची जबरदस्त झुंज लागली. मग शॅम मागं पडला आणि सेक्रेटेरिएट पळतच सुटला.

सीबीएस टीव्हीवर कॉमेंट्री करत होता चिक अँडरसन. इथं त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. रेसमध्ये चुरसच उरली नव्हती, मग सांगायचं काय? त्यानं तो घोडा एखाद्या अफाट यंत्रासारखा चाललाय असं म्हटलं. संपलं. ५० वर्षं उलटली तरी सेक्रेटेरिएटचं नाव आलं की ते यंत्र येतंच. घोडा जिंकला ३१ लेंथनी, म्हणजे अंदाजे ७५ मीटरनी. दीड मैलाला २ मिनिटं २४ सेकंद. मातीच्या ट्रॅकवरचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

गंमत म्हणजे मैदानातल्या लोकांनी हे वाक्य ऐकलंच नाही. तिथल्या स्पीकरवर दुसरा अनाउन्सर बोलत होता.

आणि याच अँडरसनचं दोन वर्षांनी काय झालं? १९७५ ची केंटकी डर्बी. शेवटच्या सरळ पट्ट्यात फूलिश प्लेझर पुढं आला आणि अँडरसननं नाव घेतलं प्रिन्स दाउ आर्टचं. कसलेला माणूस, घरचं मैदान, तरीही. १९७९ मध्ये वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी तो गेला.

आणि ज्याला भीतीनं माइक खाली ठेवायला लावलं

टॉम डर्किननं ४३ वर्षांत ८० हजारांहून जास्त रेसेस सांगितल्या. १९९५ मध्ये सिगार नावाच्या घोड्यानं ब्रीडर्स कप क्लासिक मारली, तेव्हा त्यानं ‘अजिंक्य’ या अर्थाची तीन विशेषणं एका दमात लावली होती. अमेरिकेतल्या रेसच्या नादिष्ट लोकांना ती अजून पाठ आहेत. Arrrrr सारखं नाव असलेल्या घोड्याची रेस त्यानं समुद्री चाच्याच्या आवाजात रंगवली, तो ऑडिओ आजही फिरतो.

पण २०११ मध्ये या माणसानं एनबीसीवरच्या ट्रिपल क्राउन रेसेस सोडल्या. कारण पैसे नव्हते, भांडणही नव्हतं. कारण होती भीती. केंटकी डर्बीत २० घोडे, कोट्यवधी लोक ऐकणार, आणि एक नाव चुकलं तर जन्मभर तेच ऐकवलं जाणार. डॉक्टर, औषधं, संमोहन, श्वासाचे व्यायाम, सगळं करून झालं होतं. शेवटी त्यानं हे उघडपणे सांगितलं आणि बाजूला झाला. न्यूयॉर्कच्या मैदानांवर मात्र २०१४ पर्यंत बोलत राहिला.

आता मॅकार्थी आणि अँडरसनच्या चुका परत आठवा. डर्किनची भीती उगाच नव्हती, हे लक्षात येईल.

मग हे लोक लक्षात का राहिले?

आवाज छान होता म्हणून? तो होताच. पण आज हातातल्या मोबाइलवर रेस चार अँगलनं दिसते. त्या काळी लांबच्या कडेला गेलेले घोडे स्टँडमधल्या माणसाला ठिपक्यांसारखे दिसायचे आणि रेडिओवाल्याला तर काहीच दिसायचं नाही. अनाउन्सर म्हणेल तीच रेस. लाखो लोक त्या एका माणसाचे डोळे उसने घेऊन बसलेले असायचे.

त्यामुळे पुढच्या वेळी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा स्पीकर कानावर पडला, किंवा घाटात ‘भिर्रर्रर्र’ ऐकू आलं, तर मिनिटभर घोडा आणि बैल सोडून त्या माइकवाल्याकडे बघा. मैदानात पळणाऱ्यांना शर्यत हरायची मुभा असते. त्याला नसते.