आधी कान, मग व्हॉल्व्ह

बिद्रीत गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर धावतात. आमचे घर कोल्हापूर-गारगोटी रस्त्यापासून फार लांब नाही. इशानंतर अब्बा कारी अब्दुल बासित यांची किरअत लावून बसत, तेव्हा खिडक्या बंद कराव्या लागत. गेल्या हंगामात त्यांनी ऐकणेच सोडले. नातवाचा सबक घेणेही हळूहळू थांबले. विचारले तर म्हणाले, "आवाज येतो रे, पण हरफ कळत नाहीत."

आम्हा भावंडांना वाटले, दोष त्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरचा. अब्बांचे कान व्हॉल्व्हच्या रेडिओवर तयार झालेले. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले, तेव्हाच्या त्या लाकडी पेटीच्या आवाजाची ते अजून आठवण काढतात. उसाचे बिल जमा झाले होते. ठरवले की त्यांच्यासाठी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घ्यायचा.

काही घरांत संगीताला मनाई असते, काही घरांत नसते. तो वाद इथे नको. आमच्या घरी किरअत आणि नात रोजची. कधीमधी मिरजेत दफन असलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिकाही लागते. या सगळ्यांत मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे माणसाचा आवाज.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधल्या जाळीवरचा छोटासा सिग्नल त्यांचा मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. जाळी असलेली अशी नळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बनवली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढे घरांतून व्हॉल्व्ह गेले. आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते बनतात. व्हॉल्व्हचा आवाज अनेकांना गोड लागतो. त्यात थोडी भर त्या नळीचीच असते, पण ती भर कानाला खुपत नाही.

दुकानात पहिला धडा मिळाला तो ताकदीचा. ईएल८४ जातीच्या एका व्हॉल्व्हचा साधा अॅम्प्लिफायर जेमतेम ५ वॅट देतो. दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करत असतील तर १२ ते १५. आमचे जुने स्पीकर होते ८५ डेसिबलचे, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर तेवढाच आवाज देणारे. ५ वॅटला ते दबून गेले. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. म्हणून ८५ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला चौथाई वॅट पुरतात. तेव्हा आधी स्पीकर ठरवावा आणि मग अॅम्प्लिफायर. दहा बाय बाराच्या खोलीत असा स्पीकर असेल तर ५ वॅट पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न प्रीअॅम्पचा. दुकानदार महागडा दाखवत होता. पण सीडी प्लेअर किंवा डॅक साधारण २ व्होल्ट देतो आणि बहुतेक व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर १ व्होल्टच्या आसपास पूर्ण जोर धरतात. म्हणजे सिग्नल वाढवायचा नाही, कमी करायचा आहे. त्याला पॅसिव्ह प्रीअॅम्प पुरतो. डबीत व्हॉल्यूमचे बटण आणि कोणते यंत्र ऐकायचे ते निवडायची कळ, एवढेच. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. अटी दोन. १० किलोओहमचे बटण असेल तर अॅम्प्लिफायरचा इनपुट १०० किलोओहमच्या आसपास असावा, आणि डबीपासून अॅम्प्लिफायरपर्यंतची वायर मीटरभरच ठेवावी. लांब वायरीत बारीक, उंच स्वर विरतात. रेकॉर्ड प्लेअर मात्र थेट जोडू नये. त्याच्या सुईकडून फक्त काही मिलिव्होल्ट येतात, त्यांना वेगळी फोनो स्टेज लागते.

व्यवहार जवळजवळ झालाच होता. दुकानदाराने हप्त्यांचा कागद पुढे केला. व्याजाचे नाव नव्हते, पण वरखर्चाच्या रकान्यात ते दिसत होते. आम्ही उठलो. बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "अब्बांना कालची अजानही नीट ऐकू आली नाही. मशिदीत काय ब्लूटूथ आहे?"

दुसऱ्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत कळले की उंच स्वरांचे ऐकणे बरेच उतरले आहे. वयानुसार बहुधा हेच आधी जाते, आणि 'स', 'श', 'फ' ही अक्षरे त्याच उंच भागात राहतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. कोणताही व्हॉल्व्ह ही उणीव भरून काढत नाही. नुसता आवाज वाढवला तर शेजाऱ्याची झोप मोडते आणि हरफ तिथेच राहतात.

पैसे तेवढेच होते. आधी कानाची यंत्रे घेतली. अब्बा सुरुवातीला नाराज झाले. म्हणाले, "मी बहिरा नाही." पहिले पंधरा दिवस ताटवाट्यांच्या आवाजानेही दचकत होते. यंत्रे दोनदा जुळवून घ्यावी लागली. उरलेल्या रकमेत पुढच्या बिलाची भर घातली आणि रोखीने ५ वॅटचा छोटा अॅम्प्लिफायर, ९१ डेसिबलचे स्पीकर आणि पॅसिव्ह डबी घेतली.

घरात व्हॉल्व्ह असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतो. झाकण कारागिरानेच उघडावे. काच चटका देते, म्हणून लहान मुले असतील तर जाळी लावावी. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प्लिफायर चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो म्हणून स्टॅबिलायझर लावला आहे. मागे-वर हवा खेळती हवी. यावर कापड टाकून शोभा करू नये.

व्हॉल्व्हचा तांबूस उजेड पाहायला घरचे सगळे जमतात. पण आमच्या मते त्या उजेडाची किंमत दुय्यम. एखाद्या घरात वडीलधारे ऐकताना मान कलती करत असतील, टीव्ही मोठा करत असतील, गप्पांतून उठून जात असतील, तर दुकानाआधी त्यांच्या कानांची तपासणी करावी.

परवा मगरिबनंतर नातू सबक म्हणत होता. खोलीत अॅम्प्लिफायर बंदच होता. अब्बांनी त्याला मध्येच थांबवले. म्हणाले, "सीन नाही बेटा, शीन. पुन्हा म्हण."