हातानें घडविलेले मिटते चाकू

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांविषयीं लोकांची सामान्य समजूत अशी असते कीं, वस्तु जितकी जुनी तितकी ती मोलाची. ही समजूत अर्धीच खरी आहे. जुनेपणा हा काळाचा गुण. त्यांत वस्तूचें स्वतःचें कर्तृत्व कांहींच नाहीं. परंतु एकाद्या वस्तूचा पहिला, हातानें घडविलेला नमुना आणि तीच वस्तु कारखान्यांतून हजारोंनीं बाहेर पडूं लागल्यावरचें तिचें रूप, हीं दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलीं, तर जुनेपणाहून निराळें असें कांहीं तरी हातीं लागतें. तें काय, याचा विचार आम्ही येथें एका अगदीं लहान वस्तूच्या आधारें करणार आहों. ती वस्तु म्हणजे मिटणारा चाकू.

चाकू आपल्या घरांत अपरिचित नाहीं. ज्या पिढ्यांनीं बोरूनें कित्ते गिरविले, त्यांना बोरू तासण्यासाठीं तो लागेच. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू त्या काळीं विशेष नांवाजलेला होता. चांदणी व माल्टाचा क्रूस ही त्याच्या पात्यावरची जोडखूण होती. याच कंपनीनें १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत ७५ पात्यांचा एक प्रचंड चाकू मांडला होता. अशा जुन्या चाकूचें पातें उघडें राही, तें मुठीच्या पाठींतील कमानीच्या जोरावर. कमान ढिली पडली किंवा जोर उलट बाजूनें लागला कीं पातें बोटांवर मिटे. उघडें पातें पक्कें कसें राहावें, आणि मिटावयाचें तेव्हां तें सहज कसें मिटावें, हा प्रश्न म्हणूनच कारागिरांस सतत पडत आला.

त्याचीं उत्तरें निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या हातांनीं दिलीं. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० मध्यें लाकडी मुठीचा साधा चाकू बनविला. पण पातें अडकवून धरणारें फिरतें कडें त्याला मिळालें तें १९५५ मध्यें, म्हणजे ६५ वर्षांनीं, त्याच घराण्यांतील मार्सेल ओपिनेल यांच्या हातून. अमेरिकेंत १९०६ च्या एका पेटंटांत दुसरीच कल्पना मांडलेली होती. मुठीच्या आंत अस्तरासारखी जी धातूची पातळ पट्टी असते, तिलाच वाकवून अडसर करावा, अशी ती कल्पना. तिला आजचें रूप दिलें मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानें, १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत. पातें उघडतांच ही पट्टी बाजूस सरकून त्याच्या बुडाशीं टेकते. आंगठ्यानें ती दूर सारली कीं एका हातानें पातें मिटतां येतें.

दक्षिण आफ्रिकेंतील ख्रिस रीव्ह यांना ही युक्ति आवडली, परंतु ती पातळ पट्टी दुबळी वाटली. रीव्ह हे मूळचे साचे व हत्यारें बनविणारे कारागीर. १९८४ पासून चाकू घडविणें हाच त्यांचा पूर्ण वेळचा व्यवसाय झाला. १९८७ मध्यें त्यांनीं ती पट्टी काढूनच टाकली, टायटेनियमच्या जाड मुठीची एक बाजू लांबट चिरली, व मुठीच्या अंगांतूनच अडसर निर्माण केला. चाकू घट्ट धरला म्हणजे बोटांच्या दाबानेंच हा अडसर अधिक पक्का होतो. १९८९ मध्यें रीव्ह अमेरिकेंत आयडाहो संस्थानांतील बॉयझी येथें स्थायिक झाले, आणि तेथें हा चाकू ‘सेबेंझा’ या नांवानें नियमित तयार होऊं लागला. सेबेंझा हा झुलू भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ ‘काम’ असा आहे.

आज या जातीच्या नव्या चाकूसहि ४०० डॉलरांहून अधिक किंमत पडते. यंत्रें सूक्ष्म मापानें चालतात, आणि एक नग दुसऱ्यासारखाच उतरतो. असें असतां संग्राहक आरंभींच्या, हातघडणीच्या नगांसाठीं आग्रह कां धरतात? नवा चाकू सफाईंत कमी नसतो. बहुधा सरसच असतो. मग हा केवळ श्रीमंतांचा लहरीपणा समजावा काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. कारखान्यांतून येणारा चाकू म्हणजे पूर्ण झालेला निर्णय होय. हातघडणीच्या पहिल्या चाकूंत तो निर्णय होत असलेला दिसतो. चीर किती लांब घ्यावी, धातु किती पातळ करावी म्हणजे ती लवेल पण मोडणार नाहीं, अडसर पात्याच्या बुडाशीं कोणत्या कोनांत टेकावा, या गोष्टी कारागिरानें कानस हातांत घेऊन एकेका नगावर ठरविलेल्या असतात. अशा एका चाकूचें पातें दुसऱ्याच्या मुठींत बसेलच असें नाहीं. तें त्याच मुठीसाठीं घासलेलें असतें. पाठ केलेली चीज व ती प्रथम सुचतांना गायकानें घेतलेली जागा यांत जो भेद आहे, तोच येथें आहे. खुद्द कारखान्यासहि याची जाणीव आहे. २००८ मध्यें निघालेल्या सेबेंझास ‘२१’ हा आंकडा जोडला गेला, तो १९८७ च्या त्या पहिल्या अडसरापासून वर्षें मोजून.

ज्यास असा संग्रह करावयाचा असेल, त्यास पैशापूर्वीं ज्ञान मिळविलें पाहिजे. पोलादाच्या जातीवरून काळाचा अंदाज बांधतां येतो: आरंभीं एटीएस-३४, पुढें बीजी-४२, आणि २००१ च्या सुमारास एस३०व्ही, ज्याच्या घडणींत रीव्ह यांचाहि सल्ला होता. खुणेचा ठसा, पेंचांची ठेवण, मुठीची पोत हींहि साक्षीदारच. रीव्ह यांच्या कारखान्यांतून चाकूबरोबर त्याच्या जन्मतारखेची चिठ्ठी येते. आपल्याकडील वडील मंडळी तिला पत्रिकाच म्हणतील. आणि पत्रिका हरवलेल्या वराप्रमाणें चिठ्ठी हरवलेल्या चाकूचीहि बाजारांत अधिक चौकशी होते!

दुसरी गोष्ट संयमाची. जुना चाकू हातीं आला कीं त्याला घांसून लखलखीत करण्याचा मोह होतो. परंतु कानशीच्या ज्या बारीक रेषा आपण डाग म्हणून पुसतों, त्याच कारागिराच्या हाताच्या साक्षी असतात. त्या एकदां गेल्या म्हणजे कितीहि द्रव्य वेंचून परत येत नाहींत. तेलाचा एक थेंब व कोरडें फडकें एवढी सेवा पुरेशी आहे. कायद्याकडेहि लक्ष हवें. ज्या अडसराचें संग्राहकांस एवढें कौतुक, त्याच अडसरामुळें इंग्लंडांत असा चाकू सबळ कारणावांचून रस्त्यानें जवळ बाळगतां येत नाहीं. बिनअडसराचा, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटता चाकू मात्र चालतो.

सर्वांत मोठा धोका मात्र गंजाचा नसून विस्मरणाचा आहे. संग्राहकाच्या डोक्यांत जें ज्ञान असतें तें त्याच्याबरोबर जातें, आणि मागें उरतो तो पेटींतील लोखंडाचा ढीग. वारस तो वजनावर विकतात. त्यांचा तरी काय दोष? वस्तु कोणाच्या हातची, कोठून मिळाली, तींत विशेष काय, हें त्यांना कोणीं सांगितलेलेंच नसतें. ही गोष्ट चाकूंपुरती नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतून अडकित्ते, पानाचे डबे, पितळी कुलुपें, बोरू तासण्याचे चाकू अशा कितीतरी हातघडणीच्या वस्तु अद्याप आहेत, आणि त्यांची माहिती बहुधा घरांतील एखाद्या आजीस किंवा वृद्ध काकांसच ठाऊक असते. त्यांना विचारून चार ओळी लिहून घ्याव्या, चिठ्ठी वस्तूबरोबर बांधून ठेवावी. या कामास पैसा लागत नाहीं, पण तें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच होण्यासारखें आहे.