भुलीचे माप

कामगार वस्तीत मला एक प्रश्न वारंवार विचारतात. दोघांचे वजन सारखे, शस्त्रक्रियाही तीच; मग एकाला भुलीचे औषध निम्मेच का दिले? काटकसर तर केली नाही ना? संशय घेणे हा आम्हा युनियनवाल्यांचा धर्मच आहे. पण येथे तो गैरलागू आहे.

शिरेत दिलेले औषध रक्ताबरोबर हृदयात व तेथून मेंदूत जाते. निरोगी माणसात या प्रवासाला सुमारे अर्धे मिनिट लागते. १९३४ साली अमेरिकेत थायोपेंटोन प्रथम वापरले गेले. आज बहुधा प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध देतात. धडधाकट प्रौढास किलोमागे १.५ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या गड्याला ९० ते १५० मिलिग्रॅम. वृद्धास १ ते १.५ पुरते. लहान मुलास मात्र वजनाच्या मानाने अधिकच लागते. लठ्ठ माणसाची चरबी वगळून हिशेब करतात, कारण चरबीकडे रक्त थोडेच जाते.

म्हाताऱ्याचा मेंदू थोड्या औषधानेही गुंगतो, पण रक्ताची चाल मंद असल्याने ते पोचते उशिरा. "अजून झोपला नाही" म्हणून घाईने पुन्हा दिले, की रक्तदाब कोसळलाच!

खरी कसोटी यंत्रात हात सापडून रक्त गेलेल्या कामगाराची. उरलेले रक्त शरीर हृदयासाठी व मेंदूसाठी राखून ठेवते. साहजिकच औषधही तिकडेच दाट पोचते. शिवाय आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. नेहमीचे माप अशा वेळी जीव घेऊ शकते. १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींत थायोपेंटोनने झालेल्या मृत्यूंची गोष्ट पुढे फार फुगवून सांगितली गेली. धडा मात्र खरा होता. अशा रुग्णास आधी रक्त व सलाईन देतात, मग औषध थोडे थोडे, किंवा केटामाइन.

आता दारू. रोज पिणाऱ्याला बहुधा जास्त औषध लागते. पण तो नुकताच पिऊन आला असेल, किंवा त्याचे यकृत वा हृदय खचले असेल, तर कमी. झोपेच्या गोळ्यांचेही पुष्कळसे असेच. आमचा माणूस हे लपवतो, कारण शेजारी बायको उभी असते आणि मनात नोकरीची धास्ती. त्याला नुसते खोटारडा म्हणून भागत नाही. हा प्रश्न डॉक्टरांनी एकांतात विचारावा, आणि केसपेपरावरील उत्तर कारखान्याच्या कचेरीत जाऊ नये, अशी माझी मागणी आहे.